अकरावीचा अर्ज आणि सहा वर्षांनंतरची परीक्षा

दहावीचा निकाल लागला की नागपूरच्या प्रताप नगरात पुढचे काही आठवडे घरोघरी एकाच विषयावर बोलणे चाललेले असते. प्रताप नगर चौकापासून पडोळे चौकापर्यंत, इकडे त्रिमूर्ती नगर आणि तिकडे खामल्यापर्यंतचा हा सगळा पट्टा प्रामुख्याने नोकरदारांचा. मुलांच्या शिक्षणावर सगळी आशा ठेवणारी ही घरे. इंजिनिअर आणि डॉक्टर यांच्या जोडीला आता तिसरे स्वप्न पक्के येऊन बसले आहे, ते म्हणजे कलेक्टर. दहावी-अकरावीच्या मुलांना शिकवणे आणि निकालानंतर त्यांच्या आईवडिलांशी शाखेबद्दल बोलणे, हे माझे काम. त्या बोलण्यात दरवर्षी हमखास येणारा प्रश्न असा: ‘याला युपीएससी द्यायची आहे, मग सायन्स घ्यायचे की आर्ट्स?’ प्रश्न विचारणारे आईवडील मनापासून विचारतात, म्हणून उत्तरही सविस्तर द्यायला हवे. या कामातून माझे जे मत बनले ते आधीच सांगतो. प्रशासकीय सेवेसाठी म्हणून अकरावीचे विषय निवडणे हीच मुळात चूक आहे. विषय निवडावा तो मुलाला त्यात तीन-चार वर्षे खोल उतरता येईल का, आणि परीक्षा हुकली तरी त्यावर उभे राहता येईल का, हे पाहून. प्रशासकीय सेवेला शाळेतून ज्या गोष्टी खरोखर लागतात त्या कोणत्याही एका शाखेत मिळत नाहीत. त्यांतल्या बऱ्याचशा दहावीपर्यंत मिळालेल्या असतात, आणि नेमक्या त्याच आपण टाकून देतो.

सगळ्यात आधी काळाचे गणित. दहावी झालेले मूल १५-१६ वर्षांचे असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला बसायला पदवी लागते आणि वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे अकरावीचा अर्ज आणि पहिला प्रयत्न यांत किमान पाच-सहा वर्षे जातात. या काळात परीक्षा आहे तशीच राहील का, याचे उत्तर इतिहास देतो. दौलतसिंह कोठारी समितीच्या शिफारशींवरून १९७९ मध्ये पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असा तीन टप्प्यांचा साचा आला. सतीश चंद्र समितीनंतर १९९३ पासून निबंधाचा पेपर आला. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेतला ऐच्छिक विषय गेला आणि त्याच्या जागी सीसॅट ही कलचाचणी आली. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू अरुण निगवेकर यांच्या समितीनंतर २०१३ मध्ये मुख्य परीक्षेतले दोन ऐच्छिक विषय कमी होऊन एक राहिला, सामान्य अध्ययनाचे दोनाचे चार पेपर झाले आणि नीतिशास्त्राचा पेपर पहिल्यांदा आला. २०१५ पासून सीसॅटमध्ये ३३ टक्के मिळवून फक्त उत्तीर्ण व्हायचे, असे ठरले. आता २००७ साली दहावी झालेला एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याने विषय ठरवले तेव्हा ऐच्छिक विषयांना २३०० पैकी १२०० गुण होते, निम्म्याहून जास्त. २०१२ ला पदवी घेऊन २०१३ ला तो परीक्षेला बसला तेव्हा ते २०२५ पैकी ५०० झाले होते, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा. ‘हा विषय परीक्षेत चालतो’ म्हणून त्याने अकरावीत काही घेतले असेल, तर तो ज्या हिशोबावर चालला होता तो हिशोबच मोडून गेला होता.

राज्याच्या परीक्षेची गोष्टही तशीच. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतून २०१२ च्या सुमारास ऐच्छिक विषय गेले आणि ती पर्यायी उत्तरांची परीक्षा झाली. पुढे आयोगाने पुन्हा लेखी, वर्णनात्मक परीक्षा आणि ऐच्छिक विषय आणायचे ठरवले. २०२३ पासून ते लागू होणार होते, पण पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. आंदोलन करणाऱ्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. एका साच्यासाठी काही वर्षे घातली आणि साचाच बदलला, तर माणूस हवालदिल होणारच. मात्र त्यातून पालकांनी घ्यायचा बोध वेगळा आहे. तयारीत मुरलेल्या पंचविशीतल्या उमेदवारांनाही दोन वर्षांपुढची परीक्षा दिसत नसेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाने सहा वर्षांपुढच्या परीक्षेवर आपली शाखा टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही.

परीक्षा शाखेबद्दल काय म्हणते तेही नीट पाहू. नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही चालते. ऐच्छिक विषयांच्या यादीत २५ विषय आहेत आणि त्याशिवाय २३ भाषांचे वाङ्मय आहे, त्यात मराठी आहे. पदवी एका विषयाची आणि ऐच्छिक विषय दुसराच, हे सर्रास चालते. अलीकडच्या निकालांत देशात पहिल्या आलेल्यांकडे पाहा. २०१६ च्या नंदिनी के. आर. स्थापत्य अभियंता, ऐच्छिक विषय कन्नड वाङ्मय. २०१८ चे कनिष्क कटारिया आयआयटीत संगणकशास्त्र शिकलेले, विषय गणित. २०२० चे शुभम कुमार स्थापत्य अभियंता, विषय मानववंशशास्त्र. २०२१ च्या श्रुती शर्मा इतिहासाच्या विद्यार्थिनी आणि विषयही इतिहासच. २०२४ च्या शक्ती दुबे जीवरसायनशास्त्रात शिकलेल्या, विषय राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध. त्याच वर्षी देशात तिसरे आलेले पुण्याचे अर्चित डोंगरे विद्युत अभियंता आणि त्यांचा विषय तत्त्वज्ञान. आपल्या भाषेपुरते बोलायचे तर १९९० च्या तुकडीतले भूषण गगराणी यांनी मराठी माध्यमातून, मराठी वाङ्मय घेऊन ही परीक्षा जिंकली. या यादीतून अकरावीच्या शाखेचा कोणताही नियम काढायचा म्हटले तरी निघत नाही. हाती लागते ते इतकेच की प्रत्येकाने आपला ऐच्छिक विषय जाणत्या वयात, स्वतः निवडला आणि त्यात तो खोल गेला.

आपल्याकडचे याहून जुने आणि मला फार मोलाचे वाटणारे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र घेतले आणि वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक मिळवले. १९१८ मध्ये आयसीएसच्या, म्हणजे तेव्हाच्या नागरी सेवेच्या, परीक्षेत ते पहिले आले. नोकरीसाठी त्यांना प्रांत मिळाला तो मध्य प्रांत व वऱ्हाड, म्हणजे राजधानी आपले नागपूर. हाच वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी पुढे प्रांताच्या अर्थखात्याचा सचिव झाला, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, १९५० पासून देशाचा अर्थमंत्री झाला आणि त्यानेच मेघदूताचा मराठी अनुवादही केला. शाळेत संस्कृत घेताना कोणी त्यात अर्थखाते पाहिले नसेल. एक विषय मनापासून, शिस्तीने शिकण्याची जी सवय लागते ती दुसऱ्या विषयात उतरते, हे मात्र त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते. देशमुख अपवादात्मक बुद्धीचे होते, त्यांचे उदाहरण सामान्य मुलाला कसे लावायचे, असे कोणी विचारील. तर सामान्य यशस्वी उमेदवारांचे उदाहरण नागपुरातच आहे. छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. देशभरातून आयकर सेवेत निवडले गेलेले अधिकारी प्रशिक्षणासाठी इथे येतात. त्यांत अभियंते असतात, डॉक्टर असतात, साहित्य शिकलेले असतात. आयकर कायदा आणि लेखाशास्त्र त्यांना इथे रीतसर शिकवले जाते. वाणिज्य शाखेत न गेलेला मुलगा आयकर अधिकारी होऊ शकतो, कारण सेवेला लागणारे ज्ञान देण्याची व्यवस्था सेवेनेच केलेली आहे. निवडीच्या वेळी पाहिले जाते ते नवे शिकण्याची, समजलेले मांडण्याची आणि निर्णय घेण्याची कुवत आहे की नाही.

यावर सगळ्यात जोरदार आक्षेप येतो तो आकड्यांचा. ‘पण पास होणारे बहुतेक इंजिनिअरच असतात ना?’ हो, असतात. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवले की निवडल्या जाणाऱ्यांत तांत्रिक शाखांचे उमेदवार ७० टक्क्यांहून अधिक आहेत. समितीला त्याची काळजी वाटली, कारण देशाला हवे असलेले अभियंते आणि डॉक्टर त्यांच्या क्षेत्रातून कमी होतात. पालक मात्र तोच आकडा सायन्सचे प्रमाणपत्र म्हणून वाचतात. माझ्या मते हे वाचन उलटे आहे. आपल्या समाजात दहावीला ज्याला चांगले गुण मिळतात त्याला जवळजवळ सक्तीने विज्ञान शाखेत पाठवले जाते. अभ्यासात पक्की, घरून पाठबळ असलेली, शहरात राहिलेली मुले आधीच त्या बाजूला गोळा झालेली असतात. तीच पुढे मोठ्या संख्येने ही परीक्षा देतात आणि तीच मोठ्या संख्येने पास होतात. यातले किती श्रेय भौतिकशास्त्राच्या पुस्तकाला आणि किती त्या मुलांच्या आधीच्या तयारीला, हे त्या टक्केवारीतून कळत नाही. शिवाय अभियांत्रिकीची पदवी हातात असलेल्या मुलाला आणखी एक-दोन प्रयत्न करण्याचे धैर्य राहते, कारण मागे नोकरीची शक्यता उभी असते. हा फायदा त्या पदवीच्या बाजारातल्या किमतीचा आहे, आणि त्याच्याकडे मी पुढे येणार आहे. एक गोष्ट मात्र मान्य करतो. आकडेमोड, आलेख आणि तर्क यांची सवय असलेल्या मुलाला पूर्वपरीक्षेत हात मोकळा मिळतो, आणि ती सवय विज्ञान शाखेत जास्त लागते.

दुसरा आक्षेप त्याचाच भाऊ. ‘सायन्स घेतले की सगळी दारे उघडी राहतात, नंतर आर्ट्सला जाता येते, उलटे येता येत नाही.’ हे म्हणणे खरे आहे आणि ते उडवून लावू नये. काही दारे खरोखरच विज्ञानाच्याच किल्लीने उघडतात, आणि ती कोणती हे पालकांना नेमके ठाऊक असले पाहिजे. आपल्या भागासाठी त्यातले सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भारतीय वन सेवा. तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवेचीच असते, पण वाटेल ती पदवी चालत नाही. पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीला हवा, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी हवी. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय नागपुरात आहे, पेंच आणि ताडोबा आपल्या अंगणात आहेत, चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल आपल्या विभागाचे वैभव आहे. ज्या मुलाला खरोखर जंगलात काम करायचे आहे त्याने अकरावीत विज्ञान घेतलेच पाहिजे, याबद्दल दुमत नको. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाची वाटही विज्ञानातूनच जाते. अभियांत्रिकी सेवा परीक्षेला अभियांत्रिकीची पदवी लागते. भारतीय सांख्यिकी सेवेला संख्याशास्त्र लागते. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते, आणि अर्थशास्त्र गांभीर्याने करायचे तर गणित सोडून चालत नाही. एनडीएतून वायुदल किंवा नौदलात जायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवे, भूदलाला कोणतीही शाखा चालते. म्हणून आईवडिलांना माझे सांगणे असते की ‘अधिकारी’ या एका शब्दात सगळे कोंबू नका. कोणती सेवा, हे आधी विचारा. जिल्हाधिकारी, पोलीस, आयकर, परराष्ट्र, राज्यातले उपजिल्हाधिकारी आणि तहसीलदार, या वाटांवर शाखेची अट नाही. जिथे आहे तिथे ती स्पष्ट लिहिलेली आहे.

पण ‘सगळी दारे उघडी’ याची किंमतही पाहिली पाहिजे. आपल्याकडे विज्ञान शाखा म्हणजे बहुधा क्लास आणि कॉलेज एकत्र बांधलेली व्यवस्था. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेईई किंवा नीट. ज्याला त्या विषयांची ओढ आहे तो त्यात फुलतो. ज्याला नाही, ज्याने केवळ दार उघडे राहावे म्हणून ते घेतले, त्याची दोन वर्षे वर्गात मागे पडण्यात जातात. या दोन वर्षांत त्याचे अवांतर वाचन संपते, वर्तमानपत्र सुटते. सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला अभ्यास जमत नाही अशी समजूत मनात घट्ट बसते. जो मुलगा दहावीला इतिहासाचे धडे समजून सांगत होता तो बारावीला स्वतःला मठ्ठ समजू लागतो. हे नुकसान गुणपत्रिकेत दिसत नाही. दार उघडे राहिले खरे, पण तिथपर्यंत चालत जाण्याची उमेद गेली, तर त्या दाराचा उपयोग काय?

तिसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे आणि गेल्या काही वर्षांत तो वाढला आहे. ‘मग आर्ट्स घेऊन अकरावीपासूनच तयारी सुरू करू. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र म्हणजे अभ्यासक्रमच झाला. वर वेळही मिळतो.’ या म्हणण्याचा पहिला भाग अर्धा बरोबर आहे. विषयांची नावे जुळतात, आणि आवड असेल तर या विषयांइतके उत्तम दुसरे काही नाही. परंतु ‘वेळ मिळतो’ हे वाक्य कानावर आले की मला काळजी वाटते. कला शाखा ही वेळ मिळवण्याची सोय म्हणून घेतली, वर्गात न जाता तिकडे फाउंडेशनचा क्लास लावला, तर ना इतिहास शिकला जातो ना परीक्षा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पाठ केलेल्या चालू घडामोडी पहिल्या प्रयत्नापर्यंत शिळ्या झालेल्या असतात. खरा विषय चुकवून त्याच्या नोट्स पाठ केल्या की मुख्य परीक्षेत दहा ओळींपुढे लिहिता येत नाही. इतिहास घ्यायचा तर इतिहासकार होण्याच्या तयारीने घ्यावा, मूळ ग्रंथ वाचावेत, कागदपत्रे पाहावीत. नागपुरात त्यासाठी संस्थांची कमतरता नाही. १८८५ चे मॉरिस कॉलेज आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून उभे आहे, त्याच्याही आधीचे १८८३ चे हिस्लॉप कॉलेज आहे, १९२३ पासूनचे विद्यापीठ आहे. कला शाखा ही हुशार मुलांची जागा नव्हे, ही समजूत या शहराला शोभत नाही.

आता शाळेत खरोखर काय महत्त्वाचे, त्याकडे येतो, कारण माझ्या मते पालकांचे सर्वाधिक दुर्लक्ष तिथे होते. नागरी सेवेच्या सीसॅट पेपरच्या अभ्यासक्रमात अंकगणित आणि आकडेवारीचे आकलन यांच्यापुढे ‘दहावीची पातळी’ असे स्पष्ट म्हटले आहे. ३३ टक्के म्हणजे २०० पैकी ६६ गुण. दिसायला सोपे, पण २०२३ चा हा पेपर इतका अवघड गेला की असंख्य उमेदवार इथेच अडले, आणि त्या वर्षी पूर्वपरीक्षेतल्या सामान्य अध्ययनाची खुल्या गटाची पात्रता रेषा ७५.४१ पर्यंत खाली आली. त्याआधीच्या वर्षी ती ८८.२२ होती. म्हणजे अकरावीत कला घेणाऱ्या मुलाने ‘सुटलो गणितातून’ असे म्हणून बीजगणित-भूमितीची पुस्तके फेकून देणे महागात पडते. शाखा कोणतीही असो, दहावीचे गणित हाताखाली राहिले पाहिजे. आठवड्यातला एखादा तास त्याला पुरतो.

दुसरी गोष्ट सामाजिक शास्त्रांची. आपल्या बोर्डात दहावीला इतिहास व राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४० गुण, वर अंतर्गत २० गुण. टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरायचे, ज्याला सगळे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. या सोयीचा एक परिणाम असा झाला की हुशार मुलेसुद्धा हिशोब करतात, विज्ञान-गणित आणि भाषा धरू, सामाजिक शास्त्रांत कमी पडले तरी तो विषय गळेल. राज्यघटना, स्थानिक स्वराज्य संस्था, नद्या, पाऊसमान, शेती, स्वातंत्र्यलढा हे सारे ज्या पुस्तकांत आहे ती पुस्तके गळणाऱ्या विषयाची म्हणून चाळली जातात. आणि पदवीनंतर तयारीला बसलेला प्रत्येक अभियंता पहिल्यांदा काय करतो? सहावी ते बारावीची एनसीईआरटीची आणि बालभारतीची तीच पुस्तके विकत आणतो. सीताबर्डीच्या कोणत्याही अभ्यासिकेत डोकावले तरी बावीस-तेवीस वर्षांची माणसे आठवीचा भूगोल अधोरेखित करताना दिसतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पाया तिथूनच बांधायचा असतो. खंत इतकीच, की तो पाया तेराव्या वर्षी, वर्गात शिक्षक समोर असताना, फुकट बांधता आला असता.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि माझ्या दृष्टीने अकरावीच्या अर्जातला सर्वांत गंभीर निर्णय हाच आहे. आपल्याकडे विज्ञान शाखेत इंग्रजी सक्तीची, पण दुसऱ्या भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येते. बायफोकल हा व्यावसायिक विषय घेतला तरी मराठी सुटते. आयटीत गुण भरपूर मिळतात, म्हणून मराठी माध्यमातून आलेली मुलेही मराठी सोडतात. तिकडे नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पेपर असतो आणि त्यात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या उत्तरपत्रिका धरल्याच जात नाहीत. राज्यसेवेच्या नव्या रचनेतही मराठीचा असा पेपर आहे. हे फक्त उत्तीर्ण होण्यापुरते झाले. खरी परीक्षा पुढे असते: निबंधाचे २५० गुण, सामान्य अध्ययनाचे १०००, ऐच्छिक विषयाचे ५००, सगळे हाताने लिहायचे, तीन-तीन तास, मुद्द्याला मुद्दा जोडून. हे लिहिणे मराठीतही करता येते. २०१३ मध्ये भारतीय भाषांतून परीक्षा देण्यावर आणि भाषावाङ्मय घेण्यावर आयोगाने जाचक अटी घातल्या तेव्हा संसदेत आणि महाराष्ट्रातही आवाज उठला आणि त्या अटी मागे पडल्या. लोकांनी भांडून राखलेली ही सवलत आपली मुले अकरावीच्या अर्जावर एका खुणेने सोडून देतात. माध्यम कोणतेही निवडा, पण एक तरी भाषा अशी हवी जिच्यात मुलाला दोन पाने विचार मांडता येतील. ही क्षमता पंचविसाव्या वर्षी टेस्ट सिरीज लावून येत नाही. ती रोजच्या वाचनाने आणि लिहिण्याने, वर्षानुवर्षे येते.

शेवटचा मुद्दा पोटापाण्याचा. २०२४ च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, ५,८३,२१३ प्रत्यक्ष बसले, १४,६२७ मुख्य परीक्षेला पात्र ठरले, २,८४५ मुलाखतीपर्यंत गेले आणि १,००९ निवडले गेले. पूर्वपरीक्षेला बसलेल्या दर ५७८ जणांमागे एक. उरलेले ५७७ नालायक नव्हते. त्यांतले कितीतरी अतिशय हुशार होते, आणि त्यांना पुढचे आयुष्य ज्या पदवीच्या आधारावर काढायचे होते ती त्यांनी शाळेनंतर निवडलेली होती. प्रताप नगरातल्या सुस्थितीतल्या घराला मुलाचे तीन-चार प्रयत्न झेपतात. पण याच रस्त्यावर दुकानात काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या कुटुंबांतही हे स्वप्न आहे, आणि त्यांना इतका वेळ नाही. मुलींना तर वेळ आणखी कमी मिळतो, पहिल्या दोन प्रयत्नांनंतर घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणून ज्या घरात पैसा आणि वेळ कमी त्या घरात पदवीची निवड अधिक जपून करावी: कृषी, वाणिज्य, नर्सिंग, कायदा, जिच्यावर बाविसाव्या वर्षी नोकरी किंवा व्यवसाय उभा राहील अशी. खुल्या गटाला युपीएससीसाठी ३२ आणि राज्यसेवेसाठी ३८ वर्षांपर्यंत वयाची मुभा आहे. आधी नोकरी धरून नंतर परीक्षा देणारे दरवर्षी यशस्वी होतात. तयारीसाठी शासनाची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रे आहेत, त्यांतले नागपूरचे सीताबर्डीत आहे. इतर मागासवर्गीय आणि भटक्या विमुक्त विद्यार्थ्यांसाठीच्या महाज्योती या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी ही संस्था आहे. हे सगळे पदवीनंतरचे आहे, आणि ते तसेच असणे योग्य आहे.

‘पंधरा वर्षांच्या मुलाला कसे कळणार त्याला कशात रस आहे?’ असेही विचारले जाते. पुरते कळत नाही, हे खरे. पण कोणता धडा त्याने न सांगता पुढे वाचला, कोणत्या विषयावर तो जेवताना बोलतो, कोणती वही त्याने नीट ठेवली, हे घरातल्यांना माहीत असते. पद डोळ्यांपुढून बाजूला ठेवून या खुणा पाहिल्या तर शाखा बहुतेक वेळा आपोआप ठरते. आणि या जूनमध्ये अर्ज भरून झाला, शाखा ठरली, की घरातली जुनी पुस्तके रद्दीवाल्याला काढण्याआधी एवढे करा. इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल आणि गणिताची सहावी ते दहावीची पुस्तके वेगळी काढा आणि मुलाच्या कपाटात परत ठेवा. मुलाने पुढे ही परीक्षा द्यायचे ठरवलेच, तर त्याला पहिल्या दिवशी तीच लागणार आहेत.